नॉर्दम्प्टन ते बंगळूरु : बचावपटू जॉन जॉन्सनच्या कारकीर्दीकडे कसे पाहावे

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत खेळणारा नॉर्दम्प्टन टाउनचा जॉन जॉन्सन भारतात येऊन एवढा भरवशाचा बचावपटू कसा ठरला, हा पहिला. त्याच्या यशावरून आपले फुटबॉल त्या चौथ्या श्रेणीच्या बरोबरीचे आहे असे मानायचे का, हा दुसरा. आणि आपल्याकडे सरावाला येणाऱ्या सतरा वर्षांच्या स्टॉपरना, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणाऱ्या मुलांना, त्याच्या खेळातले नेमके काय दाखवावे, हा तिसरा. गेली पंचवीस वर्षे मी पुण्यात मुलांना बचाव शिकवतो आहे आणि जॉन्सन भारतात होता त्या काळात त्याचे खेळणे मी वहीत टिपणे काढत पाहिले आहे. आपला दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवात पहिल्यापासून करतो आणि त्याला अधिक जागा देतो.

इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलची उतरंड आधी लक्षात घ्यायला हवी. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० संघ असतात. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन श्रेणी असून प्रत्येकीत २४ संघ खेळतात. या ७२ संघांपैकी प्रत्येकाला एका हंगामात ४६ साखळी सामने खेळावे लागतात. दोन राष्ट्रीय चषक स्पर्धांचे सामने त्याहून वेगळे. ऑगस्टपासून मेपर्यंत दर शनिवारी सामना असतो आणि अनेक आठवड्यांत मंगळवारी रात्रीही असतो. ‘चौथी श्रेणी’ हे शब्द आपल्या कानांना हिणकस वाटतात, परंतु त्या श्रेणीत पोहोचलेला प्रत्येक मुलगा हजारोंच्या गाळणीतून आलेला असतो, आणि तिथे टिकून राहण्यासाठी त्याला दर वर्षा-दोन वर्षांनी आपला करार नव्याने कमवावा लागतो.

जॉन्सनचा जन्म १९८८ मध्ये मिडल्सब्रोचा. टीज नदीकाठचे हे शहर लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांवर वाढले. त्याच शहराच्या क्लबच्या अकादमीत तो घडला. तो तरुण वयात आला तेव्हा मिडल्सब्रोचा वरिष्ठ संघ प्रीमियर लीगमध्ये होता आणि २००९ मध्ये तो खाली घसरला. अशा क्लबच्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला जे येते तेच त्याच्याही आले. वरिष्ठ संघात पक्की जागा मिळाली नाही, म्हणून तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना खेळाडू म्हणून, खालच्या श्रेणीत गेला आणि तिथेच स्थिरावला. २००९-१० च्या हंगामात तो नॉर्दम्प्टन टाउनकडे लोनवर आला आणि २०१० मध्ये कायमचा त्यांचा झाला. नॉर्दम्प्टन हे पिढ्यान्‌पिढ्या जोडे बनवणाऱ्यांचे गाव असल्यामुळे त्या संघाला लोक आजही ‘कॉब्लर्स’, म्हणजे चांभार, या नावाने हाक मारतात. सिक्सफील्ड्स हे त्यांचे छोटेसे मैदान. तिथले चारही हंगाम जॉन्सन लीग टूमध्ये खेळला, कधी राइट बॅक म्हणून, कधी स्टॉपर म्हणून.

त्या चार वर्षांत बचावपटू काय शिकतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्या काळच्या लीग टूमध्ये चेंडू बराच वेळ हवेत असे. प्रतिस्पर्धी गोलरक्षक किंवा फुलबॅक लांब चेंडू मारत असे, तो उंच आणि दणकट आघाडीपटूच्या डोक्यावर येत असे, आणि तिथून उसळलेल्या चेंडूवर, ज्याला आपण मैदानावर ‘सेकंड बॉल’ म्हणतो त्यावर, दोन्ही संघ तुटून पडत. स्टॉपरला हा प्रसंग एका सामन्यात पुन्हा पुन्हा आणि एका हंगामात शेकडो वेळा हाताळावा लागतो. त्यातून तीन गोष्टी अंगात मुरतात. चेंडू पायातून सुटण्याआधीच, मारणाऱ्याच्या कमरेचा कल पाहून, मागे सरकायचे की पुढे यायचे हे ठरवायचे. हेडर नुसता मारून भागत नाही. तो उंच, लांब आणि मैदानाच्या कडेला गेला पाहिजे, म्हणजे संघाला पुन्हा उभे राहायला तीन-चार सेकंद मिळतात. आणि आपण हेडरला उडी घेतली की जोडीदाराने मागे कव्हर घ्यायचे, जोडीदार उडाला की आपण घ्यायचे. ही अदलाबदल न बोलता झाली पाहिजे आणि तरीही बोलून पक्की केली पाहिजे. नॉर्दम्प्टनमध्ये त्याच्या संघात आदेबायो अकिनफेन्वा होता, शंभर किलोंहून अधिक वजनाचा आणि अंगावर घेतलेला चेंडू कुणालाही न देणारा आघाडीपटू. सरावात रोज अशा माणसाला अडवणाऱ्याला सामन्यातला धक्का नवा राहत नाही.

त्या संघाच्या वाट्याला काही मोठ्या रात्रीही आल्या. सप्टेंबर २०१० मध्ये लीग कपच्या सामन्यात नॉर्दम्प्टनने अ‍ॅनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. मे २०१३ मध्ये संघ बढतीसाठीच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना खेळायला वेम्ब्लीवर पोहोचला, पण तिथे पहिल्या अर्ध्या तासातच ब्रॅडफर्ड सिटीने तीन गोल केले आणि सामना ०-३ असा गेला. त्या उन्हाळ्यात जॉन्सनने नॉर्दम्प्टन सोडले.

आता आपण त्या वळणावर आलो आहोत जिथे त्याची कारकीर्द इतर शेकडो खेळाडूंपेक्षा वेगळी झाली. जुलै २०१३ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने बंगळूरु एफसी हा नवा क्लब उभा केला आणि प्रशिक्षक म्हणून ॲश्ली वेस्टवूड यांना आणले. वेस्टवूड स्वतः स्टॉपर होते. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात ते घडले आणि नंतर क्रू, ब्रॅडफर्ड, शेफील्ड वेन्सडे अशा क्लबांमधून खेळले. खुद्द नॉर्दम्प्टनचा शर्टही त्यांनी काही वर्षे घातला होता. एखाद्या लीग टूच्या बचावपटूत नेमके काय असते आणि काय नसते, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. भारतात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच होत्या. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक क्लब त्या जागा गोल करणाऱ्यांसाठी राखत. वेस्टवूड यांनी पहिल्या हंगामातल्या चार परदेशी खेळाडूंपैकी दोन स्टॉपर घेतले: जॉन्सन आणि कर्टिस ओसानो. ओसानो केनियाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू, पण त्याचेही फुटबॉल इंग्लंडमध्येच, रेडिंगच्या अकादमीत आणि नंतर खालच्या श्रेणीतील क्लबांमध्ये, घडले होते. उरलेल्या दोन जागा लायबेरियाचा जॉनी मेन्योंगार आणि ऑस्ट्रेलियाचा शॉन रूनी यांना मिळाल्या. माझ्या मते त्या संघाच्या यशाचा पाया या एका निर्णयात आहे. गोल करायला सुनील छेत्री आणि रॉबिन सिंग होतेच. परदेशी जागांचा निम्मा हिस्सा मागच्या ओळीत गुंतवल्यामुळे त्यांना पुढे निर्धास्तपणे खेळता आले.

२२ सप्टेंबर २०१३ रोजी मोहन बागानविरुद्ध बंगळूरुचा आय-लीगमधला, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतला, पहिला सामना झाला तेव्हा क्लबचे वय अवघे दोन महिने होते आणि जॉन्सन नुकताच पंचवीस वर्षांचा झाला होता. घरचे सामने अशोकनगरच्या छोट्या मैदानात, कृत्रिम गवतावर होत. हा नवखा संघ दबकत खेळेल असा अनेकांचा अंदाज होता, तो पार चुकला. त्या हंगामात आय-लीगमध्ये आघाडीपटूंची वानवा नव्हती. साळगावकरचा स्कॉटिश डॅरिल डफी, शिलाँग लाजोंगचा कॉर्नेल ग्लेन आणि बंगळूरुचाच छेत्री असे तिघे प्रत्येकी १४ गोल करून बरोबरीने अव्वल राहिले. मोहन बागानकडे ओडाफा ओकोली होता. अशा गर्दीत २४ सामन्यांत ४७ गुण मिळवून बंगळूरुने पदार्पणातच विजेतेपद पटकावले आणि ते निश्चित केले गोव्यात, एप्रिल २०१४ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला ४-२ असे हरवून. पुढच्याच जानेवारीत त्याच मैदानावर पुन्हा धेंपोलाच २-१ असे नमवून त्यांनी फेडरेशन चषकही जिंकला. गोव्याच्या फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते दोन्ही दिवस जड गेले, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण बंगळूरुच्या मागच्या ओळीची शिस्त पाहून त्याच आठवड्यात मी माझ्या सरावाचे टाचण बदलले.

इथे वयाचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक लिखाणात तो निसटतो. भारतात त्या आधी आणि नंतरही अनेक परदेशी खेळाडू कारकीर्दीच्या संध्याकाळी आले. बत्तीस-चौतीस वर्षांचा खेळाडू येतो, आपल्या जवळचे देतो आणि एक-दोन हंगामांत जातो. जॉन्सन चोविसाव्या वर्षी आला. स्टॉपरची पक्वता सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस या वर्षांत येते, आणि त्याची ती सगळी वर्षे बंगळूरुत गेली. इंग्लंडने त्याला अर्धा घडवून पाठवला आणि उरलेला अर्धा भारतात, एका चांगल्या क्लबमध्ये, घडला. त्याला ‘इंग्लंडने नाकारलेला’ म्हणणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. नॉर्दम्प्टनमध्ये राहून त्याने आणखी पाच वर्षे तेच सामने तसेच खेळले असते. बंगळूरुत त्याला विजेतेपदाचे दडपण, आशियाई स्पर्धा, उकाडा, लांबचे प्रवास आणि पूर्णतः वेगळ्या विचाराचे प्रशिक्षक मिळाले.

३१ मे २०१५ चा सामना आपण पाहिला असेलच. आय-लीगची शेवटची फेरी, बंगळूरुचे कांतिरवा मैदान, समोर मोहन बागान. बागानचे ३८ गुण, बंगळूरुचे ३६. बागानला बरोबरी पुरेशी होती, बंगळूरुला विजय हवा होता. ४१व्या मिनिटाला कॉर्नरवर जॉन्सनने गोल केला आणि विजेतेपद बंगळूरुच्या हातात आले. त्यानंतर पाऊण तास त्यांनी ते धरून ठेवले. ८७व्या मिनिटाला बागानच्या सोनी नॉर्डेचा कॉर्नर आला, बेलो रझाकने हेडर मारला आणि सामना १-१ झाला. बागान ३९ गुणांवर विजेता ठरला, बंगळूरु ३७ गुणांवर राहिला. एका कॉर्नरने दिलेले दुसऱ्या कॉर्नरने नेले. माझ्या दृष्टीने या एका सामन्यात जॉन्सनची पूर्ण किंमत दिसते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर तो आघाडीपटूइतकाच धोकादायक होता. आणि आपल्या गोलसमोर, एकटा बचावपटू कितीही चांगला असला तरी कॉर्नर हा अकरा जणांचा हिशेब असतो, हेही त्या दिवशी दिसले. रझाकही बचावपटूच होता. त्या सामन्यातले दोन्ही गोल स्टॉपरनी केले, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो.

पुढच्या हंगामात बंगळूरुने आय-लीग परत मिळवली. मग २०१६ च्या उन्हाळ्यात वेस्टवूड गेले आणि अल्बर्ट रोका आले. जॉन्सनच्या कारकीर्दीतली सर्वांत कठीण परीक्षा मी याच बदलाला मानतो. रोका बार्सिलोनात फ्रँक रायकार्ड यांचे सहायक होते. त्यांच्या पद्धतीत गोलरक्षकापासून चेंडू जमिनीवरून पुढे न्यायचा असतो, स्टॉपर एकमेकांपासून लांब फाकतात, मधला खेळाडू त्यांच्यामध्ये खाली येतो आणि पहिला पास हाच हल्ल्याचा पहिला पाय असतो. जो माणूस चार वर्षे चेंडू कडेला आणि लांब मारायला शिकला, त्याला आता दबावाखाली चेंडू पायाशी ठेवून डोके वर करायचे होते. अशा वेळी बहुतेक क्लब नव्या प्रशिक्षकाबरोबर नवे परदेशी खेळाडू आणतात. रोका यांनी स्पेनचा हुआनान आणला, पण त्याच्या शेजारी जॉन्सनला ठेवले. ओसानोच्या जाण्याने तुटलेली जोडी या दोघांनी नव्याने बांधली. जॉन्सन हुआनानइतका सुबक पास देणारा कधीच झाला नाही. पण तो सोपा पास वेळेवर देऊ लागला, आणि दबाव आला की गोलरक्षकाकडे परतायला लाजेनासा झाला. इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतून आलेल्या बचावपटूसाठी हा बदल किती मोठा असतो, हे ज्यांनी तशी माणसे जवळून पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे. चेंडू मागे दिला की प्रेक्षक ओरडतात अशा मैदानांवर त्यांची उमेदवारी झालेली असते.

त्या हंगामात बंगळूरुने एएफसी चषकात, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, अंतिम फेरी गाठून जे केले ते आधी कोणत्याही भारतीय क्लबला जमले नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत सिंगापूरच्या टॅम्पिनिस रोव्हर्सला घरी १-० हरवून त्यांच्याकडे ०-० अशी बरोबरी राखली. उपांत्य फेरीत गतविजेत्या जोहोर दारुल ताझिमशी मलेशियात १-१ बरोबरी साधली आणि कांतिरवावर ३-१ असा विजय मिळवला. त्यात छेत्रीचे दोन आणि हुआनानचा एक गोल होता. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी दोहात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ अशी हार झाली. गोल हम्मादी अहमदचा, ७०व्या मिनिटाचा. अंतिम सामना एका गोलाने गेला याचे दुःख मला आजही आहे. पण हे विसरू नये की या स्पर्धेत तीन परदेशी आणि एक आशियाई एवढ्याच खेळाडूंना मुभा होती आणि त्यातल्या दोन जागांवर पुन्हा स्टॉपरच होते. वेस्टवूड यांचे गणित रोका यांनी बदलले नाही.

२०१७ मध्ये कटकला मोहन बागानला अतिरिक्त वेळेत २-० हरवून फेडरेशन चषक आला. त्याच वर्षी क्लब आय-लीग सोडून इंडियन सुपर लीग या देशातल्या दुसऱ्या मोठ्या साखळीत गेला. २०१७-१८ च्या साखळीत ४० गुणांसह बंगळूरु पहिला होता, आणि १७ मार्च २०१८ रोजी घरच्याच मैदानावर अंतिम सामना चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. त्या सामन्यात मैल्सन आल्विसने दोन गोल केले. दोन्ही कॉर्नरवरचे, दोन्ही हेडर. २०१५ च्या कॉर्नरची आठवण मला मैदानाबाहेर बसूनही लख्खपणे झाली. जॉन्सनच्या चाहत्यांनाही हे मान्य करावे लागेल की त्या पाच वर्षांत देशातली दोन मोठी विजेतेपदे बंगळूरुच्या हातून निसटली, ती मुख्यतः मोकळ्या खेळामुळे नव्हे. ती थांबलेल्या चेंडूवर निसटली. यात दोष एकट्या कुणाचा काढता येत नाही. परंतु ज्या संघाची हवेतली ताकद सर्वमान्य असते, त्या संघात प्रत्येक जण ‘पहिला हेडर तो घेईल’ असे गृहीत धरू लागतो, आणि प्रतिस्पर्धी प्रशिक्षक नेमका त्याच गृहीतकावर कॉर्नर आखतो, असे माझे अनुभवावरून बनलेले मत आहे. त्यानंतर सुमारे महिन्याभराने भुवनेश्वरला ईस्ट बंगालला ४-१ हरवून बंगळूरुने सुपर कप जिंकला. त्याच वर्षी शंभराहून अधिक सामने खेळून जॉन्सनने बंगळूरु सोडले.

त्या शेवटच्या हंगामात बंगळूरुच्या बचावात मुंबईचा राहुल भेके त्याच्या सोबतीला होता. वर्षभराने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईतच अंधेरीच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अतिरिक्त वेळेत ०-० असा अडकला असताना भेकेने ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून विजेतेपद आणले. त्या गोलाचे श्रेय भेकेचेच आहे. मात्र ज्या संघाने दोन अंतिम लढाया कॉर्नरवर गमावल्या होत्या, त्याने तिसरी कॉर्नरवरच जिंकली, आणि ती एका मराठी बचावपटूच्या डोक्याने, याचा आनंद मला कोणत्याही क्लबनिष्ठेपेक्षा मोठा वाटला.

जॉन्सन पुढे कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. प्रशिक्षक होते स्टीव्ह कोपेल, म्हणजे पुन्हा एक इंग्रज, आणि बचावात ब्राझीलचा गेर्सन विएरा होता. २०१८-१९ च्या हंगामात तो संघ सहावा राहिला आणि बाद फेरीला मुकला. या टप्प्याबद्दल अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे नाही. तोवर तो तिशीला टेकला होता, आणि बंगळूरुसारखी पाच वर्षांत बांधलेली मागची ओळ एका हंगामात उभी राहत नाही.

बॉबी हॅसल हे दुसरे नाव मी मुद्दाम घेतो, कारण तो आपल्या पुण्यात खेळला आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय जॉन्सनचे नशीब किती बलवत्तर होते हे कळत नाही. हॅसल डर्बीचा, जन्म १९८०. मॅन्सफील्ड टाउनमध्ये तो घडला, २००२ मध्ये त्यांच्याबरोबर बढती मिळवली, आणि २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे बार्न्सलीकडे बचाव सांभाळला. मॅन्सफील्डच्या त्या बढतीच्या वेळी जे प्रशिक्षक होते, तेच स्टुअर्ट वॉटकिस २०१४-१५ मध्ये पुण्याच्या भारत एफसीचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी हॅसलला बालेवाडीत आणले. जॉन्सनपेक्षा हॅसलची इंग्लंडमधली कारकीर्द कितीतरी मोठी होती; बार्न्सलीबरोबर तो दुसऱ्या श्रेणीत वर्षानुवर्षे खेळला होता. बालेवाडीत मी त्याचे सराव पाहिले आहेत आणि उभे राहण्याची जागा निवडण्यात त्याच्याइतका नेमका बचावपटू मी पुण्याच्या मैदानांवर पाहिलेला नाही. पण तो चौतीस वर्षांचा होता आणि भोवतीचा संघ घाईघाईने जमवलेला होता. भारत एफसी त्या हंगामात ११ संघांत शेवटचा राहिला. नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या क्लबला पदावनतीपासून संरक्षण असल्यामुळे त्याच्या जागी धेंपोला खाली जावे लागले. एकाच हंगामानंतर, २०१५ मध्ये, भारत एफसी बंद झाला. हॅसल परत बार्न्सलीला गेला आणि तिथल्या अकादमीची सूत्रे त्याने सांभाळली. दोघेही इंग्लंडच्या खालच्या श्रेण्यांत घडलेले बचावपटू, दोघांनाही इंग्रज प्रशिक्षकांनी भारतात आणले, दोघे एकाच हंगामात एकाच लीगमध्ये खेळले. एकाला पाच वर्षांचा क्लब मिळाला, दुसऱ्याला पाच महिन्यांचा.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. जॉन्सन लीग टूमधून आला आणि इथे चमकला, म्हणून आय-लीग म्हणजे लीग टू, हे समीकरण मला मान्य नाही. पातळी ही एकाच पट्टीने मोजण्याची गोष्ट नाही. हवेतला चेंडू, शारीरिक झुंज, सामन्यांची संख्या आणि रोजच्या सवयी यांत लीग टूचा संघ त्या काळच्या आपल्या बहुतेक संघांपेक्षा सरस होता, हे मी निःशंकपणे म्हणेन. चेंडू पायाशी ठेवून छोट्या जागेत खेळणे, उकाड्यात वेग राखून पुन्हा वाढवणे, यात आपले चांगले संघ मागे नव्हते. जोहोरसारख्या धनाढ्य संघाला ३-१ हरवणाऱ्या बंगळूरुत एकाच वेळी चारच परदेशी होते आणि बाकीचे सात भारतीय. जॉन्सनने आपल्याकडे जी उणीव होती नेमकी ती भरली. आपल्याकडे गोलरक्षकापासून आघाडीपर्यंत कौशल्य होते. बचावाच्या मध्यभागी मात्र नव्वद मिनिटे बोलत राहणारा, ओळ वर-खाली हलवणारा आणि शेवटच्या दहा मिनिटांतही पहिल्या मिनिटासारखेच निर्णय घेणारा माणूस दुर्मीळ होता. तो दोष आपल्या मुलांचा नाही. आपला तरुण स्टॉपर वर्षाला किती स्पर्धात्मक सामने खेळतो ते मोजा. लीग टूच्या मुलाचे ४६ कुठे आणि आपल्या जिल्ह्यातल्या मुलाच्या वाट्याला येणारे मोजके बाद पद्धतीचे सामने कुठे? पहिल्या चुकीला घरी जावे लागते अशा स्पर्धांत बचावपटू घाबरायला शिकतो. चुकून पुढच्या शनिवारी पुन्हा उभे राहण्याची सोय असते, तिथेच तो निर्णय घ्यायला शिकतो. आपल्या तालुक्यात मुलांसाठी साखळी पद्धतीचे वीस सामने जरी कुणी भरवू शकले, तरी कोणत्याही परदेशी प्रशिक्षकाच्या शिबिरापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा प्रश्न मुलांना काय दाखवावे याचा. जॉन्सनच्या गोलांच्या चित्रफिती दाखवू नका. त्या पाहून प्रत्येक स्टॉपर कॉर्नरला पुढे पळू लागतो आणि मागे कोण राहिले याचा हिशेब कुणाकडेच उरत नाही. २०१६ च्या एएफसी चषकातल्या बाद फेऱ्यांचे पूर्ण सामने मिळवा, विशेषतः टॅम्पिनिसविरुद्धचे दोन्ही. मुलांना चेंडूकडे पाहू नका असे सांगा आणि पहिली वीस मिनिटे फक्त दोन स्टॉपरमधले अंतर पाहायला लावा. चेंडू एका बाजूला गेला की दुसरा किती आणि कधी सरकतो, पहिला उडी घेतो तेव्हा दुसरा किती पावले मागे असतो, हे त्यांना वहीत लिहायला लावा. मग तीच वीस मिनिटे दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी जॉन्सनच्या फक्त मानेकडे लक्ष ठेवायला सांगा: चेंडू लांब असताना तो किती वेळा मागे वळून आपल्या पाठीशी कोण आहे ते पाहतो. माझ्याकडच्या मुलांनी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा त्यांना तो आकडा खरा वाटेना, म्हणून त्यांनी चित्रफीत थांबवून थांबवून पुन्हा मोजला. दुसऱ्या दिवशी सरावाला मी कुणालाच काही सांगितले नाही, तरी चौघेही स्टॉपर मान वळवत खेळत होते.